एलसीडी खालून उलटी का दिसते आणि अलाइनमेंट लेयर त्यात काय करतो

प्रश्न थोडक्यात असा आहे: मशीनच्या कंट्रोल पॅनलमध्ये ७ इंची टीएन टीएफटी (टीएन म्हणजे ट्विस्टेड नेमॅटिक, एलसीडीचा साधा प्रकार; टीएफटी म्हणजे प्रत्येक पिक्सेलला ट्रान्झिस्टर असलेला पडदा) बसवलाय, पॅनल भिंतीवर उंच लागतं, ऑपरेटर खालून बघतो आणि त्याला गडद भाग फिके, फिके भाग गडद असं काहीतरी उलटंपालटं दिसतं. तर काचेच्या आतल्या अलाइनमेंट लेयरमध्ये, म्हणजे लिक्विड क्रिस्टलच्या रेणूंना दिशा देणाऱ्या थरात, बदल करून हा अँगल सुधारता येतो का, आयपीएस या रुंद अँगलच्या पडद्यांचे लोक नेमकं काय वेगळं करतात, आणि कॉलेजच्या पोरांना हे लॅबमध्ये दाखवता येईल का.

माझं बरंचसं काम अलाइनमेंटच्या लाइनवरच झालंय, म्हणून जरा मुळापासून लिहितो. तुमच्या हातातल्या तयार मॉड्यूलच्या आत काहीही करता येणार नाही, काच सील झालेली असते, विषय संपला. पण ती काच कुठल्या बाजूने बसवायची हे तुमच्या हातात आहे आणि तुमचं अर्धं दुखणं तिथेच बरं होईल, ते पुढे सांगतो.

आधी टीएन. दोन काचा, मधे चार-पाच मायक्रॉनची फट, त्यात लिक्विड क्रिस्टल. दोन्ही काचांच्या आतल्या अंगाला पॉलिइमाइडचा थर असतो, जेमतेम १०० नॅनोमीटर किंवा त्याहूनही पातळ, तो २०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात आणि मग त्यावरून रेयॉन किंवा कॉटनच्या मखमली कापडाचा रोलर एकाच दिशेने फिरवतात. हेच रबिंग. एवढंच केलं की त्या काचेला चिकटलेले रेणू रबिंगच्या दिशेत आडवे होतात, आणि वरच्या खालच्या काचेची दिशा एकमेकींना काटकोनात ठेवली की मधले रेणू जिन्यासारखे वळत ९० अंश फिरतात. काचांच्या बाहेर पोलरायझर असतात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा (ध्रुवित) प्रकाश सोडणाऱ्या फिल्म; या जिन्यातून प्रकाशही वळतो म्हणून पडदा उजळ, आणि व्होल्टेजने रेणू उठले की जिना मोडतो आणि काळं दिसतं. शाट आणि हेल्फ्रिश यांनी बाझेलला हॉफमन ला रोशमध्ये हे दाखवलं आणि १९७१ मध्ये छापलं, पण घासण्याची युक्ती त्याहून कितीतरी जुनी, फ्रान्समध्ये मोगँने १९११ मध्येच कागदाने काच घासून रेणू रांगेत आणले होते. अजूनही पुष्कळ पुस्तकांत कापडाने पडलेल्या बारीक चरांचं चित्र काढून सोडून देतात. चरांचा थोडा वाटा असतो, पण पॉलिइमाइडवर खरं काम करतात त्या घासल्यामुळे एका दिशेला ओढल्या गेलेल्या पृष्ठभागावरच्या साखळ्या, आणि म्हणूनच पुढे जिथे कापड नाहीच अशा पद्धतीनेसुद्धा तेच जमतं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, प्रीटिल्ट. घासलेल्या पृष्ठभागावर रेणू पूर्ण सपाट झोपत नाही, त्याचं एक टोक काचेपासून जरासं उचललेलं असतं, टीएनमध्ये दोन ते पाच अंश वगैरे. हा उचललेपणा मुद्दाम ठेवलेला असतो, कारण व्होल्टेज दिल्यावर रेणूला उभं राहायचंय आणि डावीकडून उठू की उजवीकडून हे त्याला कोणीतरी सांगायला पाहिजे. नाही सांगितलं तर काही ठिकाणी इकडून उठतात काही ठिकाणी तिकडून, आणि दोन इलाख्यांच्या मधे चमकत्या रेषा दिसतात. तर प्रीटिल्टने सगळे एकाच बाजूने उठतात, पडदा स्वच्छ दिसतो, आणि व्ह्यूइंग अँगलची बोंब इथूनच सुरू होते.

कारण बघा, पूर्ण व्होल्टेजला मधले रेणू जवळजवळ उभे, शून्य व्होल्टेजला आडवे, दोन्ही वेळी फारशी अडचण नाही. पण ग्रे लेव्हल, काळ्या-पांढऱ्याच्या मधली छटा, म्हणजे अर्धवट उठलेले रेणू, सगळे एकाच दिशेला तिरपे. वाड्याच्या खिडकीच्या तिरप्या लाकडी झडपा आठवा, खालून बघितलं तर आरपार दिसतं, वरून बघितलं तर नुसत्या फळ्या. रेणूच्या लांबीच्या दिशेने बघणाऱ्याला बायरिफ्रिन्जन्स (रेणूंचा ध्रुवित प्रकाश बदलण्याचा गुण) जवळपास दिसतच नाही, आडव्या बाजूने बघणाऱ्याला भरपूर दिसतो, म्हणजे एकाच पिक्सेलला एकच व्होल्टेज असून दोन माणसांना दोन वेगळ्या छटा. ज्या बाजूने रेणू तुमच्याकडे झुकलेले असतात त्या बाजूने व्होल्टेज वाढवत नेलं की आधी काळं होतं आणि मग रेणू तुमच्या नजरेची रेषा ओलांडून आणखी उभे होतात तेव्हा परत उजळायला लागतं. यालाच ग्रे स्केल इन्व्हर्जन म्हणतात आणि तुमच्या ऑपरेटरला रोज तेच दिसतंय.

इथे डेटाशीटचा एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले इंजिनीअर अडकलेले बघितलेत. साध्या सेगमेंट किंवा १६ बाय २ च्या कॅरेक्टर डिस्प्लेवर व्ह्यूइंग डायरेक्शन ६ ओ क्लॉक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ खालच्या बाजूने कॉन्ट्रास्ट सगळ्यात चांगला, कारण तिथे ग्रे नसतोच, सेगमेंट चालू किंवा बंद, आणि ज्या बाजूने लवकर काळं होतं तीच बाजू चांगली. वीजमीटर, टांगता डिजिटल काटा, असल्या वस्तूंना ते बरोबर बसतं. रंगीत टीएफटीला मात्र नेमकी तीच बाजू वाईट, कारण तिथे छटा उलटतात. म्हणून टीएफटीच्या नीट लिहिलेल्या डेटाशीटमध्ये दोन ओळी वेगळ्या असतात, व्ह्यूइंग डायरेक्शन १२ ओ क्लॉक आणि ग्रे स्केल इन्व्हर्जन डायरेक्शन ६ ओ क्लॉक, आणि काही सप्लायर यातली एकच ओळ टाकतात, तीही कुठली ते कळत नाही अशी. तर नुसतं ६ किंवा १२ वाचून ऑर्डर देऊ नका, इन्व्हर्जन कुठल्या बाजूला ते लेखी विचारा. ही दिशा फॅक्टरीत रोलर कुठून कुठे फिरला त्यावर ठरलेली असते, कुठल्याही सेटिंगने ती बदलत नाही, बॅकलाइट वाढवून तर अजिबातच नाही.

तुमच्या केसमध्ये करायचं काय तर मॉड्यूल १८० अंशात उलटं बसवा. बहुतेक टीएफटीमध्ये स्कॅनची दिशा बदलायच्या दोन पिन असतात, एक वर-खाली आणि एक डावी-उजवी, त्या दोन्ही फिरवल्या की चित्र सरळ होतं आणि इन्व्हर्जनची बाजू छताकडे जाते, जिथून कोणी बघत नाही. पिन आतच बांधलेल्या असतील तर सॉफ्टवेअरमधून चित्र फिरवा. टच असेल तर त्याचे कोऑर्डिनेटसुद्धा फिरवायला विसरू नका, आणि केबल आता दुसऱ्या बाजूने बाहेर येणार म्हणून कॅबिनेटमधली जागा आधी बघून घ्या. अजून एक, टीएन आडव्याचा उभा करून, म्हणजे पोर्ट्रेटमध्ये, लावायच्या भानगडीत पडू नका, वर-खालचा फरक मग डाव्या-उजव्या बाजूला येतो आणि जवळून बघणाऱ्याच्या दोन डोळ्यांना दोन वेगळ्या छटा दिसतात, पाच मिनिटांत डोकं दुखतं.

आता मूळ प्रश्न, अँगल खरोखर रुंद कसा करतात. सगळ्या पद्धतींच्या तळाशी एकच विचार आहे असं माझं मत आहे: बघणारा कुठेही उभा असला तरी त्याला रेणूंची सरासरी सारखीच दिसली पाहिजे. ती सरासरी जमवायचं काम बहुतेक वेळा पृष्ठभागावरच होतं.

टीएनमध्ये सरळ उपाय म्हणजे एका पिक्सेलचे दोन भाग करा, अर्ध्यात रेणू वरच्या बाजूला झुकू देत आणि अर्ध्यात खालच्या, डोळा दोन्ही एकत्रच बघतो, एकाचं फिकं दुसऱ्याच्या गडदने भरून निघतं. कागदावर सोपं. पण १५ इंची एक्सजीए पॅनलचा सब-पिक्सेल साधारण ०.१ बाय ०.३ मिलिमीटरचा, रोलर तर अख्ख्या काचेवरून फिरतो, मग अर्ध्या पिक्सेलला वेगळी दिशा देणार कशी. एकदा घासायचं, फोटोरेझिस्ट (प्रकाशाने नक्षी काढता येणारा थर) लावून प्रत्येक पिक्सेलचा अर्धा भाग झाकायचा, उलट दिशेने परत घासायचं, रेझिस्ट धुवून काढायचं. नव्वदच्या दशकात लोकांनी हे करून बघितलं आणि पडदे खरंच सुधारले, पण रेझिस्टची केमिकल्स त्याच पॉलिइमाइडला लागतात ज्याच्या पृष्ठभागावर तुमचा सगळा खेळ अवलंबून आहे, स्टेप वाढतात, यील्ड, म्हणजे चांगल्या निघणाऱ्या पॅनलचं प्रमाण, पडतो. लाइनवर काम केलेल्या माणसाला हे ऐकूनच कापरं भरतं.

म्हणून बाजारात टीएनला तारलं ते फिल्मने. १९९० च्या दशकाच्या मध्याला फुजीची वाइड व्ह्यू फिल्म आली, पोलरायझरसोबतच चिकटवायची, तिच्यात तबकडीसारखे डिस्कॉटिक रेणू तिरके होत जाणाऱ्या थरात गोठवलेले असतात आणि काळ्या पिक्सेलमधले जे रेणू काचेजवळ अर्धवट तिरपे राहून जातात त्यांचा परिणाम ते खोडतात. इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, या डिस्कॉटिक लिक्विड क्रिस्टलचा शोध आपल्या बंगळुरूचा आहे, रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये तो प्रसिद्ध केला, आणि पुढे जगभरच्या मॉनिटरमध्ये त्याच जातीचे रेणू बसले. आपल्याकडच्या मूळ संशोधनाचं एवढं रोजच्या वापरातलं उदाहरण दुसरं पटकन आठवत नाही. या फिल्मने डावी-उजवी बाजू पुष्कळ सुधारते, खालून बघितल्यावरचं इन्व्हर्जन मात्र कमी होतं, जात नाही.

दुसरा रस्ता व्हीए (व्हर्टिकल अलाइनमेंट), म्हणजे रेणू आडवे न ठेवता उभेच करायचे. पॉलिइमाइडला लांब बाजूसाखळ्या जोडल्या की पृष्ठभागावर रेणू उभे राहतात, व्होल्टेज नसताना समोरून बघणाऱ्याला गच्च काळं दिसतं, कॉन्ट्रास्ट जबरदस्त. व्होल्टेजला ते आडवे पडतात, पण कुठल्या बाजूला पडायचं हा प्रश्न परत तोच. फुजित्सूने १९९७ च्या सुमाराला एमव्हीएमध्ये (मल्टी-डोमेन व्हीए) काचेवर बारीक उंचवटे केले, त्यांच्या उतारावर रेणू काटकोनात उभा म्हणजे काचेच्या हिशोबाने जरा कललेला, आणि त्या इशाऱ्यावर पिक्सेलचे चार भाग चार दिशांना पडतात, तेही रबिंगशिवाय. कापडच गेलं म्हणून धूळ गेली, स्टॅटिक गेलं. पण उंचवट्यांच्या आसपास काळ्यातही थोडा उजेड गळतो आणि प्रकाशाची वाट अडते ती वेगळीच. शार्पने २००९ मध्ये यूव्हीटूए जाहीर केलं, त्यात उंचवटे नाहीत आणि इलेक्ट्रोडमधल्या फटीही नाहीत, यूव्ही प्रकाशानेच पृष्ठभागाला किंचित कल शिकवायचा, आणि त्यांनी तेव्हा कॉन्ट्रास्ट ५०००:१ सांगितला होता. व्हीएबद्दल एक गोष्ट मात्र लोक सांगत नाहीत: चार डोमेन, म्हणजे चार दिशांना पडणारे भाग, केल्याने चारही बाजूंनी सारखं दिसतं, पण बाजूने बघितल्यावर मधल्या छटा फिकुटतात त्या फिकुटतातच, चेहऱ्याचा रंग धुतल्यासारखा होतो. ते कमी करायला सब-पिक्सेलचे दोन तुकडे करून दोन वेगळी व्होल्टेज द्यावी लागतात, ते काम पृष्ठभागाचं नाही.

तिसरा आयपीएस, म्हणजे इन-प्लेन स्विचिंग. जर्मनीत फ्रायबुर्गला बाउर आणि मंडळींनी पाया घातला, हिताचीने १९९६ च्या सुमाराला बाजारात आणलं. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच काचेवर, फील्ड आडवं, रेणू उठतच नाहीत, काचेला समांतर राहून फिरतात. उठलेच नाहीत म्हणून झडपांचा प्रकारच नाही. इथे अलाइनमेंटवाल्याचं काम उलटं होतं, टीएनमध्ये ज्या प्रीटिल्टसाठी जीव टाकायचा तो इथे शत्रू. कुठल्या बाजूने फिरायचं हे इलेक्ट्रोड आणि रबिंगमधल्या काही अंशांच्या कोनाने ठरतं, प्रीटिल्टची गरज नाही, आणि घासल्यामुळे जो एक-दोन अंश येतोच त्याने काळा रंग एका बाजूने जास्त गळतो.

आयपीएसमध्ये अक्षाचा नेमकेपणा किती लागतो हे एकदा आकड्यात बघा. काळ्या अवस्थेत रेणूंची दिशा पोलरायझरच्या अक्षापासून जेवढी चुकली त्याच्या दुपटीच्या साइनचा वर्ग, एवढा प्रकाश गळतो, थर हाफ-वेव्ह, म्हणजे प्रकाशाच्या दोन घटकांत अर्ध्या तरंगाचा फरक पाडणारा, धरला तर. १ अंश चुकलं की साइन २ अंशाचा वर्ग म्हणजे साधारण ०.००१२, म्हणजे बाकी सगळं आदर्श असूनही कॉन्ट्रास्ट ८२० च्या वर जाणार नाही. अर्धा अंश चुकलं तर तीच मर्यादा ३२०० च्या वर जाते. आणि मखमलीच्या रोलरकडून सगळ्या काचेवर अर्धा अंश मागणं म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. जेन ८ ची, म्हणजे आठव्या पिढीच्या फॅक्टरीची, काच २१६० बाय २४६० मिलिमीटर, खाली टीएफटीच्या लाइनींच्या पायऱ्या, पायरीवर कापडाचे तंतू वाकतात, पायरीच्या आडोशाला नीट पोचत नाहीत, कापड जुनं झालं की दिवसभरात वागणं बदलतं. रोलरचा वेग, काचेचा वेग, तंतू किती दाबले गेले, किती वेळा फिरवलं, या सगळ्यावर रबिंगची ताकद ठरते आणि एकही गोष्ट सुटी बदलता येत नाही. घासलेल्या काचेवर वाफ धरून तिरप्या उजेडात बघायचं, कापडाने मारलेला एखादा ओरखडा रेघेसारखा उमटतो, आणि तो तिथे दिसला म्हणजे पॅनल पेटल्यावर दिसणारच.

म्हणूनच फोटोअलाइनमेंटला, म्हणजे कापडाऐवजी प्रकाशाने रेणूंना दिशा देण्याला, मी या क्षेत्रातली गेल्या तीस वर्षांतली सगळ्यात मोठी सुधारणा मानतो. १९८८ मध्ये जपानमध्ये इचिमुरांनी दाखवलं की पृष्ठभागावरच्या अझोबेंझीनचा आकार प्रकाशाने बदलला की वरचे सगळे लिक्विड क्रिस्टल रेणू उभ्याचे आडवे होतात. मग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ध्रुवित प्रकाशाने दिशा देण्याच्या पद्धती आल्या, आणि १९९६ मध्ये शाट आणि सहकाऱ्यांनी नेचरमध्ये दाखवलं की मास्क बदलून, प्रकाशाची दिशा बदलून एकाच पिक्सेलमध्ये अनेक डोमेन छापता येतात. म्हणजे फोटोरेझिस्टवाल्या त्या जाचक स्टेपमधून सुटका. आयपीएसला जी जात जास्त चालली तिच्यात पॉलिइमाइडमध्ये सायक्लोब्युटेनची कडी असते, २५४ नॅनोमीटरच्या ध्रुवित यूव्हीने प्रकाशाच्या कंपनाच्या दिशेतल्या कड्या तुटतात, आडव्या दिशेतल्या साखळ्या शाबूत राहतात आणि रेणू त्यांच्या बाजूने लागतात. सरळ वरून प्रकाश पडतो म्हणून प्रीटिल्ट शून्य, काहीही टेकत नाही म्हणून ओरखडा शून्य. २०१४ मध्ये आयफोन ६ च्या जाहिरातीत अॅपलने फोटोअलाइनमेंट आणि ड्युअल डोमेन पिक्सेल ही दोन्ही नावं घेतली होती, तेव्हा पहिल्यांदा हा विषय आमच्या खोलीबाहेर बोलला गेला. ड्युअल डोमेन म्हणजे इलेक्ट्रोड बाणासारखे मोडलेले, अर्धे रेणू घड्याळाच्या दिशेने फिरतात अर्धे उलट, एका बाजूने दिसणारी पिवळी झाक दुसऱ्याच्या निळ्या झाकेत विरते.

फुकट काही नाही. प्रकाशाने लावलेली पकड बऱ्याचदा घासलेल्या पॉलिइमाइडपेक्षा ढिली असते, आणि पकड ढिली असली की एकच चित्र तासन्तास राहिल्यावर पृष्ठभागावरचे रेणूसुद्धा जरासे फिरून तिथेच बसतात, मग चित्र बदललं तरी जुन्याची सावली राहते. तुटलेल्या कड्यांचा कचराही नीट भाजून किंवा धुवून काढावा लागतो. तुमच्या मशीनवर एकच स्क्रीन दिवसभर उभी राहते, म्हणून आयपीएस घेताना इमेज स्टिकिंगची टेस्ट मागा, चेकर्सचं चित्र काही तास ठेवून मग मधला ग्रे लावून बघायचा. आणि काळ्या स्क्रीनला कोपऱ्यातून, तिरप्या बाजूने बघितल्यावर जी चमक दिसते ती बहुतांश अलाइनमेंटची चूक नसते, काटकोनातले दोन पोलरायझर त्या बाजूने बघितलं की काटकोनात दिसतच नाहीत, त्याला कॉम्पेन्सेशन फिल्मच लागते.

तुमच्यासाठी निर्णय असा: आधी आहे तोच पॅनल उलटा करून बघा. पुढच्या व्हर्जनला आयपीएस घ्या, ७ इंचात सहज मिळतो आणि किमतीतला फरक ऑपरेटरने एक अलार्म चुकीचा वाचण्यापेक्षा नक्की कमी आहे. सॅम्पल आल्यावर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ पट्ट्या लावा आणि ऑपरेटर जिथे उभा राहतो तिथूनच बघा, पट्ट्यांचा क्रम कुठे उलटला तर पॅनल परत. डेटाशीटमध्ये ८५ अंश लिहिलेलं असतं ते बऱ्याचदा कॉन्ट्रास्ट १० पर्यंत पडेल तिथवर मोजलेलं असतं, रंग सांभाळला गेलाय का ते त्यात येत नाही.

आता कॉलेजचा प्रयोग, नक्की जमतो. आयटीओ (वीज वाहणारा पारदर्शक थर) लावलेल्या काचेचे दोन तुकडे, त्यावर पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं पाण्यातलं पातळ द्रावण स्पिन करून किंवा नुसतं बुडवून वाळवा, मखमलीच्या तुकड्याने एकाच दिशेने हलक्या हाताने घासा, दहा मायक्रॉनची मायलरची पट्टी मधे घालून काचा काटकोनात बसवा, लिक्विड क्रिस्टलचा थेंब कडेला सोडला की केशाकर्षणाने आत ओढला जातो. स्वस्त म्हणून सगळे ५सीबी नावाचं लिक्विड क्रिस्टल आणतात पण ते साधारण ३५ अंशाला नेमॅटिक, म्हणजे रेणू एका दिशेत लागलेलं, राहतच नाही, साधं पारदर्शक द्रव होतं, नागपूर-चंद्रपूरला मे महिन्यात पोरं सेल बनवतील आणि काहीच दिसलं नाही म्हणून हात टेकतील, त्यापेक्षा ई७ हे मिश्रण घ्या, ते ५८ अंशांच्या आसपासपर्यंत टिकतं. व्होल्टेज १ किलोहर्ट्झच्या स्क्वेअर वेव्हचं द्या, दोन व्होल्टच्या आत-बाहेर, बॅटरी थेट लावू नका, डीसीने आयन एका बाजूला जमतात आणि सेल खराब होतो. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलवर प्रीटिल्ट जवळपास नसतोच, त्यामुळे व्होल्टेज दिल्यावर दोन पोलरायझरमधे ठिगळं ठिगळं दिसतील, मधे रेषा. ती पुसायची घाई करू नका, तीच तर शिकवायची गोष्ट आहे: सेल अलीकडे कलवला की एक ठिगळ गडद आणि शेजारचं फिकं, पलीकडे कलवला की बरोबर उलट.